सुनेचं पाखरू

६ ऑगस्ट २०२३, रविवार. धामणगाव बढे

आज आमच्या सुनेने, वंदनाने, पाखरू उडवलं. कुठून धरून आणलेलं नव्हे, स्वतः केलेलं.

पंख काळ्या छत्रीच्या कापडाचे. कापड शाकिरभाईंचं, ते चौकात छत्र्या दुरुस्त करतात. त्यांची झेबा बुलढाण्याच्या तंत्रनिकेतनात आमच्या वंदनाच्याच हाताखाली शिकते. दोघी सकाळच्या एसटीने जातात, संध्याकाळी येतात आणि मग आमच्या ओसरीवर त्यांची खुडबुड चालते. पाखरू अंगाने कावळ्याएवढं, वजनाला दोन ज्वारीच्या भाकरींइतकं. छातीत मोटर, पोटात बॅटरी. लग्नात फोटो काढायला आणतात ते गरगर पात्यांचं ड्रोन निराळं. हे पंख मारतं. फडफडत अंगणातून उठलं, शेजारच्या रामरावांच्या टिनांच्या छपरावरून वळलं आणि माघारी येऊन थेट आमच्या उकिरड्यात तोंड खुपसून पडलं.

मी टाळ्या वाजवल्या. वंदना त्याच्या चोचीचं शेण पुसत म्हणाली, "मामाजी, उडणं जमलं. बसणं नाई जमलं."

"उडते थे कधीतरी बसीनच की."

"थे पडणं झालं, मामाजी. पडणं निराळं, बसणं निराळं."

बाई बोलली ते खरं. मी चौथी शिकलेला माणूस, पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवरच्या पेपरात झालं. पण एवढं मलाही कळतं की गावात उडणारे पुष्कळ, नीट बसणारे थोडे.

९ ऑगस्ट, बुधवार

पावसाने दांडी मारली आहे. पराटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली, पण पानं दुपारी माना टाकतात.

पाखरू कशासाठी, हे आज तिला नीट विचारून घेतलं. आपण पराटीत थांबे रोवतो, म्हणजे उभ्या काठीला एक आडवी काठी. त्यावर साळुंक्या, कोतवाल बसतात आणि अळ्या टिपतात. त्याच्या बाजूलाच कामगंध सापळा असतो. त्यातल्या वासाने बोंडअळीचे नर पतंग येऊन पडतात. पतंग मोजले की अळी किती येणार ते कळतं आणि फवारायचं की नाही ते ठरतं. पण मोजायला रोज कोण जातो? वंदनाचं पाखरू त्या थांब्यावर जाऊन बसणार, खाली सापळ्यात पाहणार, फोटो मोबाइलवर धाडणार.

"मग ड्रोनच पाठव ना वरून," मी म्हटलं.

"त्याच्या वाऱ्यानं सापळाच हलते, मामाजी. अन् जागीच घिरट्या घालून बॅटरी संपते. बसलेल्या पाखराले काही खर्च नाई." मग म्हणाली, "आत शिरायचं कामच नाई पडलं पाहिजे कोणाले."

बाई बुलढाण्यात वाढलेली. मला वाटतं, तिला पराटीतल्या सापांची भीती असावी. लाजेने सांगत नाही.

१० ऑगस्ट

काल लिहायचं राहिलं. गोकुळ, म्हणजे आमचा मुलगा, तिचा नवरा, या सगळ्यावर नाराज आहे. त्याचं मी समजू शकतो. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा पाकीटवाले सांगत होते, याच्या बोंडाला अळी शिवणार नाही. काही वर्षं शिवली नाही, खोटं कशाला बोलू. मग सतरा सालात दिवाळीच्या तोंडावर बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी, निवांत झोपलेली. गावात ज्याची पराटी पाहावी त्याची तीच गत. त्या वर्षी गोकुळ वेड्यासारखा फवारत सुटला. डोक्याएवढी पराटी, पाठीवर पंप, तोंडाला नुसता दुपट्टा. एक दिवस जेवायला आला नाही. वंदना डबा घेऊन गेली. लग्न होऊन सहा महिने झाले नव्हते. हिला पराटीच्या दोन ओळींमधल्या तासात त्याची चप्पल दिसली, मग पाय दिसले. फवारणीचं औषध अंगात भिनलं होतं, बुलढाण्याला दवाखान्यात नेला. देवाने परत दिला.

पण माणूस कसा असतो पाहा. अळीची धास्ती त्याच्या मनातून गेली नाही, औषधाची गेली. आता तर पतंग दिसायच्या आधीच फवारतो. काल जेवताना वंदना म्हणाली, नाल्याकडचं वावर या साली पाखरू सांगेल तसंच फवारू. गोकुळने भाकर ठेवली.

"दसऱ्यापावतर. बसलं तं बसलं. नाई तं मी पंप उचलतो, अन् हे खेळणं माळ्यावर जाईन. पुन्हा काढायचं नाई."

"कबूल," वंदना म्हणाली.

ती इतक्या लवकर कबूल झाली की मलाच ठसका लागला.

२० ऑगस्ट, रविवार

अंगणात थांबा रोवून रोज सराव चालू आहे. पाखरू येतं, काठीला छाती देतं आणि पडतं. झेबा मोजदाद ठेवते. मी म्हटलं, पोरी, पडलेलं मोजू नये.

वंदनाने आज मला खऱ्या पाखराची गंमत सांगितली. पाखराच्या पायात अशी शीर असते, की अंग खाली टेकलं, गुडघा मिटला की बोटं आपोआप आवळतात. म्हणून ते झोपेतही फांदीवरून पडत नाही. तसे पाय तिने स्प्रिंगा लावून केले आहेत. बोटांना सायकलच्या ट्यूबचं रबर. आणि बसायच्या आधी पाखरू छाती वर करतं, शेपूट पसरतं, पंख आडवे धरतं, म्हणजे वेग मरतो. मी म्हटलं, उतारावर गाडीचा बैल मागे रेलतो तसं. ती म्हणाली, "हाव मामाजी, अगदी तस्संच."

तिने मान राखला की खरंच तसं असतं, कोण जाणे. पण मी चौकात चार जणांना सांगून आलो.

३ सप्टेंबर, रविवार

बसलं! बसलं! अंगणातल्या थांब्यावर बसलं! एकदा नव्हे, दुपारपर्यंत जितक्यांदा सोडलं तितक्यांदा बसलं. छाती वर, शेपूट फुलवून, पाय पुढे करून, चक्क. आमची कारभारीण रुखमाई गहू निवडत होती, तिने हातातलं सूप खाली ठेवून पाखराला "बस बाप्पा" म्हटलं.

मला काही घरात राहवेना. सदरा घातला आणि गावात आवतण देऊन आलो: पोळ्याच्या दिवशी, बैल तोरणाखालून सुटले की सगळ्यांनी आमच्या नाल्याकडच्या वावरात यायचं. वंदना म्हणाली, "मामाजी, इतक्यात कशाले? वावरात अजून एकदाबी नाई बसलं." मी म्हटलं, बाई, नाचणाऱ्याला सगळी अंगणं सारखीच.

रामराव म्हणाले, "पुंजाजी, पाखरू अंडे देईन तवा सांगजा, आम्ही कोंबड्या विकून टाकतो."

हसा म्हणावं.

१३ सप्टेंबर, बुधवार

आज खांदशेकणी. सतरानंतर आपण बैल विकले, तेव्हापासून हा दिवस मला खायला उठतो. दुसऱ्यांच्या गोठ्यात लोणी-हळद चाललेली, पळसाच्या पानाने बैलांचे खांदे चोळणं चाललेलं, आणि आपण रिकाम्या दावणीकडे पाहत बसायचं.

या वर्षी मात्र मला सुचलं. वर्षभर ओझं वाहतो तो खांदा. आपल्या घरात आता ओझं कोण वाहणार? पाखरू. आणि पाखराचं ओझं? ती नाल्याकडच्या थांब्याची आडवी काठी. म्हणजे खांदा तोच. संध्याकाळी ऊन कलल्यावर वाटीभर लोणी घेतलं, हळद कालवली, आणि एकटाच वावरात जाऊन त्या काठीला असं चोळलं, असं चोळलं, की बाभळीचं लाकूड सोन्यासारखं झळकायला लागलं. चहूबाजूंनी चोळलं, कुठे कोरं ठेवलं नाही. मग हात जोडून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

फार बरं वाटलं. कोणाला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात.

१४ सप्टेंबर, पोळा

कोणाची दृष्ट लागली म्हणावं.

अर्धं गाव धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जमलं होतं. बैलांच्या शिंगांना बेगड, माणसांच्या डोक्याला टोप्या. वंदनाने पाखरू सोडलं. पराटीवरून असं डौलात गेलं की बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावला. थांब्याजवळ छाती वर केली, शेपूट फुलवली, पाय पुढे केले, काठी धरली. आणि पुढच्या क्षणाला ते काठीवरून सुळ्ळकन फिरलं, वटवाघळासारखं उलटं लोंबलं आणि निसटून डोक्यावर पडलं. एक पंख मोडला.

रामराव म्हणाले, "अंडं देऊन राह्यलं वाटते!"

सगळे हसले. गोकुळ हसला नाही. त्याने आत जाऊन पाखरू उचलून आणलं आणि वंदनाच्या हातात दिलं.

घरी आल्यावर पोरी दिव्याखाली पाखराचे पाय पाहत होत्या. झेबाने बोट लावून वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, ये तो हल्दी—" वंदनाने तिचा हात दाबला. म्हणाली, "झेबा, चहा ठेव." आता हळदीचा चहा कोण पितं? आजकालच्या पोरींचं सगळं निराळं.

मी विचारलं, "काय चुकलं, बाई?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वारं होतं, मामाजी. अन् पकडही कमीच होती. चूक माहीच."

पान हललं नव्हतं. पण शिकलेल्या माणसाला वारं कुठे कुठे दिसतं.

१५ सप्टेंबर

रुखमाईची लोण्याची वाटी सापडत नाही म्हणून सकाळपासून आरडाओरडा. मी म्हटलं, मी नेली होती, देवकार्याला. कोणतं देवकार्य? म्हणून विचारलं तर सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग अशी हसत सुटली की डोळ्यांना पदर. "तुमच्यापरीस थे पाखरू शहाणं," म्हणाली. चाळीस वर्षांचा संसार, पण बाईच्या हसण्याचा पत्ता लागत नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस आला, पराटीने अंग धरलं, पात्या, म्हणजे कळ्या, आणि फुलं लागली. रामरावांनी एक फवारणी उरकली. त्यांचं औषध आमच्या अंगणापर्यंत वास मारतं. वास आला की गोकुळ जागेवरून उठतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो.

पंख नवा झाला. पण दोघी आता पायांच्या मागे लागल्या आहेत. रबर काढून टाकलं. झेबा नळगंगा धरणावर मासे धरणाऱ्यांकडून बारके गळ घेऊन आली, त्यांची टोकं कापून प्रत्येक बोटाला नख म्हणून बसवली. सरावाच्या काठीला त्या काय करतात, तर तेल लावतात! मी विचारलं, "हे काऊन, बाई?"

"शेतातल्या काठीले काय काय लागलेलं राह्यते, कोणी सांगावं, मामाजी."

"जसं की?"

"दव," झेबा म्हणाली आणि पाठ फिरवून खोकली. पोरीला घसा सांभाळायला सांगितलं पाहिजे.

रोज पडतं. खरं लिहितो, कारण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू: आज मला मनातून वाटलं की हे बसायचं नाही. छत्रीचं कापड ते छत्रीचं कापड. ज्याने पाखरू केलं त्याला युगं लागली असतील, हिला दसऱ्यापर्यंत कसं जमावं? असं वाटल्याबरोबर मी उठून तिच्यासाठी पेरू कापले. तिला काही कळायला नको.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना

घट बसले. सकाळी गोकुळने पंप काढून धुतला, उन्हात ठेवला. वंदना पाहत होती.

दुपारी दोघांचं गोठ्यात वाजलं. मी कडबा सारखा करत होतो, कान बंद थोडेच करता येतात?

"दिवस किती राह्यले, मोज," गोकुळ म्हणाला.

"मोजून राह्यली."

"अळी तुह्या पाखरासाठी थांबत नाई. माह्या वावराची काळजी तू नको करू."

"वावराची कोण करून राह्यलं?" वंदना म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आग लागो त्या वावराले."

गोकुळ गोठ्याबाहेर निघून गेला. मला मात्र वाईट वाटलं. जमीन आपली आई. सुनेने रागातही असं बोलू नये. पण लेकरू थकलं आहे, म्हणून मी विसरलो असं ठरवलं. गोकुळही विसरला असावा, कारण संध्याकाळी पंप परत आत दिसला.

२२ ऑक्टोबर, रविवार

हे पान मी सावकाश लिहितो आहे. चष्मा दोनदा पुसला.

सकाळीच निघालो. आवतण कोणाला नव्हतं, या खेपेला मीच तोंड आवरलं होतं. वंदना, झेबा, गोकुळ आणि मी, एवढेच. रुखमाई म्हणाली, मी घरीच हात जोडते. रामराव त्यांच्या वावरात होते, ते धुऱ्यापलीकडे उभे राहिले. दव असं पडलेलं की थांब्याची काठी ओलीगार, टपटप गळत होती.

पाखरू सुटलं. पराटी आता गोकुळच्या छातीला लागते, तिच्यावरून फडफडत गेलं. छाती वर केली. शेपूट फुलली. पाय पुढे. आणि बसलं. जरा झोकांड्या खाल्ल्या, नखं रुतली, पंख मिटले, बसलं.

इतक्यात बाभळीवरून एक कोतवाल सुटला. खरा. हा पक्षी कावळ्याला, घारीला सोडत नाही, आपल्या हद्दीत कोणी बसलेलं त्याला खपत नाही. सरळ येऊन त्याने आमच्या पाखराच्या टाळक्यात चोच हाणली. थांबा हलला. पाखरू पुढे वाकलं, नखांवर तरलं, परत सरळ झालं. कोतवाल वर गेला, वळला, चिडून पुन्हा हाणली. झेबा ओरडली, "अरे छोड ना जालिम!" पाखराने काठी सोडली नाही.

आणि गोकुळ हसला. सतरा सालापासून मी त्याला वावरात हसताना पाहिलं नव्हतं.

धुऱ्यापलीकडून रामराव ओरडले, "पुंजाजी, कोतवालाले खरं वाटून राह्यलं हो!"

यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं कॉलेज देणार? पाखराने पाखराला पाखरू मानलं.

मग मोबाइल वाजला. फोटो आला. सापळ्याच्या पिशवीत पतंग स्वच्छ दिसत होते, हातावरच्या तिळासारखे. वंदनाने मोजले, झेबाने मोजले, मग मोबाइल गोकुळकडे दिला. त्याने बोटाने एकेक मोजला.

"कमी आहेत," तो म्हणाला.

"आज कमी आहेत," वंदना म्हणाली. "उद्या पुन्हा पाहू. वाढले तं मी सांगीन, अन् मंग तोंडाले, हाताले सगळं घालूनच जायचं. तवापावतर..."

"तवापावतर नाई जात," गोकुळ म्हणाला.

मला वाटलं होतं, तो शाबास तरी म्हणेल. शेवटी मीच म्हटलं. दोनदा म्हटलं. घरी येईपर्यंत जो भेटला त्याला सांगितलं की आमच्या सुनेचं पाखरू ओल्या काठीवर, कोतवालाचा मार खात बसतं. खांदशेकणी वाया जात नाही, एवढं मी मनात म्हटलं.

२४ ऑक्टोबर, दसरा

सकाळी अवजारांची पूजा मांडली. विळे, कुऱ्हाड, तण काढायच्या डवऱ्याची पास, गोकुळचे फटफटीचे पाने, वंदनाची तारांना डाग द्यायची कांडी, शाकिरभाईंनी मुद्दाम पाठवलेली कात्री. मधोमध पाटावर पाखरू, डोक्यावर झेंडूचं फूल. दरसालप्रमाणे मी फवारणीचा पंप आणायला गोठ्याकडे निघालो, तर गोकुळ म्हणाला, "राहू द्या, बाबा."

"अरे, थेबी अवजारच हाय."

"हाव. पण राहू द्या."

पाटावर पाखराने पंख पसरलेले, जागा कमी पडत होती. मीही मग आग्रह केला नाही.

दुपारी रामराव आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या" झालं. मग टोपी काढून हातात फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "पुंजाजी, तुमचं पाखरू आमच्या वावरात बसीन का हो?"

मी म्हटलं, "माहं नाई. ज्याचं आहे त्याले विचारा."

रामराव आमच्या सुनेशी आजवर तोंड वर करून बोलले नव्हते. ते उठले आणि आतल्या दाराशी जाऊन म्हणाले, "वंदनाबाई, जरा काम होतं." वंदना बाहेर आली, पदराला हात पुसत. म्हणाली, "काका, पहिले तुमचे थांबे घट्ट रोवा. हलून राह्यले सगळे. मंग पाहू." रामराव "हाव, हाव" करत गेले. मी बाजेवर बसून सुपारी कातरत होतो. बोट कापायचं राहिलं, इतकं मला हसू आलं.

संध्याकाळी सीमोल्लंघनाला गोकुळ दरसाल पुरुषांबरोबर वेशीपर्यंत जातो. आज त्याने फटफटी काढली आणि वंदनाला म्हणाला, "चालतं का वावरात?" ती गेली, नव्या लुगड्यात. दिवेलागणीला परत आले. रुखमाईने विचारलं तर म्हणाले, आत गेलो नाही, धुऱ्यावरच बसलो होतो.

सण सोडून दोघं एवढा वेळ तिथे काय पाहत बसले असतील? पाखरू तर इथे पाटावर होतं.